लाकडाखालची हवा

चेंडू नव्या पडद्याच्या दिशेनं निघाला होता आणि कॉरिन हाबेगरनं विचार न करता उडी मारली. विचार केला असता तर ती नुसती ओरडली असती. भिंतभर पसरलेला तो व्हिडिओचा पडदा लागून अजून महिनाही झाला नव्हता, आणि संघातल्या ब्रिननं मधल्या रेषेपलीकडून गंमत म्हणून भिरकावलेला चेंडू सरळ त्याच्या कोपऱ्यावर आदळणार होता. कॉरिनच्या बोटांच्या टोकांना चेंडूचा खरखरीतपणा लागला, चेंडू वळला, भिंतीशी रचलेल्या गाद्यांवर जाऊन पडला, आणि ती खाली आली. दोन्ही पायांवर, सगळं वजन एकदम टाकत. खाली येताना तिनं सवयीनं दातावर दात दाबले आणि वाट पाहिली. वीज चमकल्यावर गडगडाटाची पाहावी तशी. पाय टेकणं आणि नडग्यांतून कळ वर येणं यांच्यात एक बारीकशी फट असायची. ती फट तिला वर्षानुवर्षं तोंडपाठ होती. ती फट आली, रुंद होत गेली, आणि तिच्या पलीकडे काहीच नव्हतं.

"सॉरी, हॅब!" ब्रिन लांबून ओरडली. "पण उडी काय मारलीस! म्हातारी अजून उडते की!"

"पडदा फुटला असता ना, तर तुला विकून नवा आणला असता," कॉरिन म्हणाली. आपला आवाज नेहमीसारखाच निघाला याचं तिला नवल वाटलं. ती तिथेच उभी राहिली. मुली हसत पाणी प्यायला गेल्या. तिनं उजवा पाय उचलला, पुन्हा टेकवला, जरा जोरात. मग डावा. खिशात ठेवलेली किल्ली सापडत नाही म्हणून माणूस परत परत खिसे चाचपतो, तशी ती आपलं दुखणं चाचपत होती.

ती सव्वीस वर्षांची होती. फोर्ट वेनच्या एल्डरमन कॉलेजात ती चार वर्षं बास्केटबॉल खेळली, त्याच चार वर्षांत भौतिकशास्त्राची पदवी घेतली, आणि आता मुलींच्या संघाची दुय्यम प्रशिक्षक होती. या नव्या सरावघरात ती रोज येत होती, पण प्रशिक्षक माणूस कडेला उभा राहतो, शिट्टी फुंकतो, हात करतो. उड्या मारत नाही. शेवटची उडी तिनं मारली होती ती शेजारच्या जुन्या इमारतीत. त्या इमारतीला सगळं गाव किटली म्हणायचं. गरम पाण्याचे नळ हिवाळ्यात शिट्ट्या घालायचे म्हणून म्हणा, की भरलेल्या सामन्यात माणसांच्या श्वासांनी खिडक्या घामेजून टपटपायच्या म्हणून म्हणा. किटलीत आवाज कोंडायचा आणि उकळायचा. बाहेरून येणारे संघ पहिल्या पाच मिनिटांत गोंधळून जायचे. किटलीवर सगळ्यांचं प्रेम होतं, आणि कॉरिनचंही होतं. ते खरंच होतं, त्यात काही खोट नव्हती. फक्त किटलीची जमीन म्हणजे मॅपलच्या फळ्या होत्या, आणि फळ्यांखाली ताबडतोब काँक्रीट होतं. पहिल्या वर्षाच्या थंडीत नडग्या दुखू लागल्या. दुसऱ्या वर्षी हाडाला केसासारखी चीर गेल्याचं डॉक्टरांनी दाखवलं, उजेडावर धरलेल्या काळ्या फिल्मवर, पेन्सिलीच्या टोकानं. तिला त्या चिरेची लाज वाटली होती. ती बर्न गावच्या हाबेगरांची मुलगी. तिचे वडील उन्हात आणि वाऱ्यात दुसऱ्यांची छपरं दुरुस्त करत आणि संध्याकाळी शिडीवरून उतरले की गुडघ्यांविषयी चकार शब्द काढत नसत. तिनं एकदा टेबलाशी बसल्यावर पाय चोळले तेव्हा ते म्हणाले, "दुखतात? वापरतेस म्हणून दुखतात. न वापरणाऱ्यांचे दुखत नाहीत." ते प्रेमानंच म्हणाले होते, आणि पुढ्यातल्या साखर-क्रीमच्या गोड 'पाय'चा आपला अर्धा तुकडाही तिच्या ताटलीत सरकवला होता. तेव्हापासून तिनं ठरवून टाकलं की हाडं आपली कच्ची आहेत. ती घेऊनच खेळायचं. बर्फाच्या बादलीत पाय बुडवायचे, दात दाबायचे, खेळायचं.

गंमत अशी की तिला खरं कारण माहीत होतं. शेवटच्या वर्षी प्रयोगासाठी तिनं स्वतःच किटलीच्या जमिनीवर वजन पाडून पाहिलं होतं: शिशाचा गोळा, खाली दाब मोजणारी चकती, आणि शेजारी पोटावर पडलेली ती. वरून येणारी वस्तू थांबायला जितका वेळ घेते तितका धक्का कमी. वेळ अर्धा झाला की धक्का दुप्पट. किटलीची जमीन वेळ देतच नव्हती. हे गणित तिनं फळ्यावर मांडलं, प्राध्यापकांनी मान डोलावली, तिला चांगले गुण मिळाले. आणि त्याच संध्याकाळी सरावाला तिनं पुन्हा दात दाबले आणि मनात म्हणाली, काय कच्ची हाडं आहेत माझी. डोक्यातली माहिती नडग्यांपर्यंत पोचलीच नाही. इतकी वर्षं. आज पोचली, एका उनाड चेंडूमुळे, आणि तीही दुखण्याच्या वाटेनं नाही, न दुखण्याच्या.

"कॉरिन! हे काय, ध्यान लावून उभी आहेस?" क्लिंट ओबर्ली दारातून आला. कॉलेजचा क्रीडाविभाग त्याच्या हाती होता. कोणालाही हसवायची आणि कोणाकडूनही देणगी काढायची हातोटी त्याच्याकडे होती. काखेत टॅबलेट, गळ्यात कॉलेजच्या रंगाचा टाय. "तासाभरात ती पोरगी येतेय. ऐक. किटलीबद्दल प्रेमानं बोलायचं. इथल्याबद्दल दिमाखानं बोलायचं. मधलं काही बोलायचं नाही."

"मधलं म्हणजे?"

"दुखणीखुपणी. तुझ्या पायांची ती कथा. सगळ्यांना माहीत आहे तू किती सोसलंस, आम्हाला अभिमान आहे, पण आईबापांना असल्या गोष्टी ऐकवल्या की ते गाडी वळवतात. ही पोरगी गेली तर यंदाही आपण तळाला."

ते खरं होतं. नायमा ब्रॉडनॅक्स टोलेडोहून कॉलेज पाहायला येत होती, आणि चेंडू घेऊन पुढे धावणारी, चार डोकी एकदम वाचणारी तिच्यासारखी मुलगी एल्डरमनला गेल्या कित्येक वर्षांत मिळाली नव्हती. कॉरिननं तिचे सामने पाहायला टोलेडोच्या शाळेत इतक्या चकरा मारल्या होत्या की तिथला पॉपकॉर्नवाला तिला नावानं हाक मारायचा. आणखी दोन कॉलेजं नायमाच्या मागं होती. दोन्हीकडे असाच पडदा होता, असेच दिवे होते. या साऱ्या प्रकाराकडे पाहिलं की कॉरिनला हसू यायचं: दाखवण्याचा कार्यक्रमच हा, पण इथं नटूनथटून बसायचं ते कॉलेजनं, आणि नकार कळवायचा तो मुलीनं. मागच्या वर्षी तीन मुली किटली पाहून गेल्या होत्या. तिघींनीही "फार गोड जागा आहे" म्हटलं, आणि तिघीही दुसरीकडे गेल्या. त्यांच्या डोळ्यांत तिनं ते पाहिलं होतं; आजीच्या घरी जेवायला गेलेल्या मुलांच्या डोळ्यांत असतं ते. त्यानंतरच हे सरावघर उभं राहिलं.

नायमा आली ती कानांत गाणी घालून, गुडघ्यापर्यंतचे मोजे आणि पायांत सपाता, खेळायचे बूट नाड्यांनी बांधून खांद्यावर टाकलेले. मागून तिची आई. योलांडा ब्रॉडनॅक्स टपाल वाटायची. बसक्या टाचेचे काळे बूट, आणि चाल अशी की रस्त्याला आपलं म्हणणं पटवून द्यायचंय. तिनं आल्याआल्या हात पुढे केला. "तू कॉरिन? फोनवर वाटलं पन्नाशीची असशील. इतकी शहाणी बोलतेस."

"पाय पन्नाशीचे आहेत," कॉरिनच्या तोंडून निघून गेलं. क्लिंट खोकला.

मग फेरी सुरू झाली. बर्फाच्या पाण्याचं टाकं, गरम पाण्याचं टाकं. केस कापायची खुर्ची. फळांचा रस मिळायचं काउंटर, रंगीत. डुलकी काढायला अंड्याच्या आकाराच्या बंद खाटा. क्लिंट पुढं चालत एकेका वस्तूवर हात ठेवी, आणि ती वस्तू त्यानंच जन्माला घातल्यासारखं तिचं कौतुक करी. नायमा मान हलवत होती. कॉरिनला त्या मानेची भाषा येत होती. हे सगळं तिनं आधीच्या दोन ठिकाणी पाहिलं होतं, याच क्रमानं.

"या अंड्यात झोपतात?" योलांडानं वाकून पाहिलं. "आणि वेळेवर उठवतं कोण? की उबवल्यावर आपोआप बाहेर येतात?"

"आई, प्लीज."

"विचारायला नको? घरी मी तुला तीन हाका मारते."

कॉरिन हसली, आणि हसतानाच मनानं दुसरीकडे निघून गेली. वर्षांपूर्वी याच दिवसांत, मका कापायला आला होता तेव्हा, ती आपल्या वडिलांबरोबर इथं आली होती. शाळेची शेवटची वर्षं, खांदे पुढं काढून चालायची सवय, उंचीची लाज. किटलीत तिला दाखवण्यासारखं काही नव्हतंच. खोलीतल्या लॉकरांचे पत्रे वाकलेले होते, एका नळाला सुतळी बांधली होती. संघाची मुख्य कोच, लॉर्ना स्ट्रिकलर, तेव्हाही तशीच दिसायची: आखूड पांढरे केस, गळ्यात शिट्टी, खिशात अर्धं सोललेलं संत्रं. ती म्हणाली होती, "दाखवायला माझ्याकडे एवढंच आहे," आणि तिनं हात वर केला. बाकांच्या लाकडी पायऱ्यांवर बसलेला संघ उठून उभा राहिला आणि पाय आपटू लागला. कोणी काही बोललं नाही. नुसते पाय. लाकूड गरजलं. तो आवाज तिच्या कानांतून नाही, बरगड्यांतून आत शिरला. वडिलांकडे पाहिलं तर ते, चर्चमध्येही मान खाली घालून बसणारे ते, आपला बूट आपटत होते. गाडीत बसल्यावर ते म्हणाले, "पक्कं लाकूड आहे." हाबेगरांच्या घरात त्याचा अर्थ हो असा होता. तिथून पुढचं सगळं आलं. पदवी, शिशाचा गोळा, मैत्रिणी, ही नोकरी, सरळ झालेले खांदे. एका आवाजानं तिला हे सगळं दिलं, आणि त्याच इमारतीच्या जमिनीनं तिच्या नडग्या घेतल्या. या दोन गोष्टी तिच्या मनात कधी एका खोलीत बसल्याच नव्हत्या. एक आली की दुसरी उठून जायची.

"आणि आता," क्लिंट म्हणाला, "जरा इथं कोपऱ्यात उभ्या राहा."

हा कार्यक्रमाचा कळस होता आणि तो सगळीकडेच असतो. दिवे घालवायचे, धूर सोडायचा, आणि सामन्याच्या आधी जसं एकेका खेळाडूचं नाव गर्जून पुकारतात तसं पाहुण्या मुलीचं नाव पुकारायचं. ती धावत मधल्या वर्तुळात जाते, पडद्यावर तिचा चेहरा इमारतीएवढा होतो, आणि क्षणभर तिला वाटतं, मी इथलीच. संघाच्या मुली दोन रांगांत उभ्या राहिल्या. कडेला लॉर्ना स्ट्रिकलर येऊन थांबली होती, संत्रं सोलत. क्लिंटनं टॅबलेटवर बोट टेकवलं. अंधार झाला. ढोल घुमले, पायांजवळून धूर सरपटत गेला, आणि छतातून तो भरदार आवाज आला:

"आणि आता... इंडियानाच्या बर्न गावची... आपली लाडकी... कॉऽऽरिन हाऽऽबेगर!"

पडद्यावर कॉरिनचा विशीतला चेहरा उमटला, घामेजलेला, दात एकमेकांवर दाबलेले.

क्लिंटनं आदल्या दिवशी यंत्र तपासताना जुना फोटो तयार होता म्हणून तिचंच नाव घातलं होतं. ते पुसायचं राहून गेलं. अंधारात तो "नाही नाही नाही" असं पुटपुटत टॅबलेटवर बोटं मारत होता, आणि यंत्र ऐकत नव्हतं. ढोल वाजतच राहिले. कॉरिनच्या कानाच्या पाळ्या तापल्या. संपलं, तिच्या मनात आलं. टोलेडोच्या सगळ्या चकरा, ते फोन, सगळं या एका चुकीत वाहून गेलं. मुलीच्या लग्नात मांडवात दुसरीचंच नाव घ्यावं तशी ही चूक होती.

मग अंधारात कोणीतरी खो खो हसलं. योलांडा. आणि तिच्या शेजारून नायमाचा आवाज आला, आल्यापासूनचा पहिला जिवंत आवाज. "अगं मग जा ना! नाव पुकारलंय तुझं. उभी काय राहिलीस?"

"हॅब! हॅब!" ब्रिननं सुरू केलं, आणि दोन्ही रांगा तिला सामील झाल्या.

कॉरिन धावली. दुसरं काय करणार. प्रकाशाचा गोल तिच्या मागे लागला. दोन्ही बाजूंनी हात पुढे आले आणि ती तळहातांवर तळहात आपटत गेली, आणि तिच्या लक्षात आलं की आपण धावतोय. चौथ्या वर्षी ती टाचा चोरून, पावलं आखडून धावायची. बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. आता पाऊल अख्खं पडत होतं. प्रत्येक पावलाखाली जमीन थोडी खाली जायची, थांबायला जागा द्यायची आणि मग पाऊल परत हातात ठेवल्यासारखं वर करायची. लाकडाखाली रबराच्या छोट्या गाद्या होत्या आणि त्यांच्यामध्ये हवा होती. तिला या जमिनीचा नकाशा ठाऊक होता. त्या हवेनं आपल्याला वेळ दिला, तिला वाटलं. एवढासाच तर वेळ हवा होता. मधल्या वर्तुळात पोचल्यावर खेळाडूंनी उंच उडी मारायची रीत असते. तिनं मारली. दात मोकळे ठेवून.

दिवे लागले. क्लिंटचा चेहरा त्याच्या टायच्या रंगाचा झाला होता. "मिसेस ब्रॉडनॅक्स, मी अगदी मनापासून... एक मिनिट द्या, नायमाचं लगेच लावतो."

"थांबा हो," योलांडा म्हणाली. ती पडद्याकडे पाहत होती. तिथं विशीतली कॉरिन अजून तशीच होती. "पोरी, इकडे ये. या फोटोत तू दात का आवळलेस?"

"खेळताना होतं तसं," क्लिंट म्हणाला. "जिद्द!"

"तुम्हाला नाही विचारलं. मी दिवसभर चालते, साहेब. कोण जिद्दीनं चालतंय आणि कोण कळ दाबून, ते मला अर्ध्या गल्लीवरून दिसतं. आणि आता पळाली तेव्हा ही दात आवळत नव्हती." ती कॉरिनकडे वळली. "खरं सांग. माझी पोर इथं चार वर्षं नाचणार. चाळिशीत ती जिने चढेल का?"

नायमा आता कानांतली गाणी काढून हातात धरून उभी होती. क्लिंटनं भुवया वर करून एकदाच, हळूच, नकारार्थी मान हलवली. कॉरिननं कोचकडे पाहिलं. लॉर्ना संत्र्याची फोड तोंडात टाकत होती. चेहऱ्यावर काही नाही. खोटं बोलायची गरजही नव्हती, नुसतं थोडं कमी बोललं तरी चाललं असतं. नव्या जमिनीचं कौतुक करायचं, झालं. पण आजच तर तिला कळलं होतं की ती काय लपवत आलीय, आणि जे आज कळलं ते आजच्या आज पुन्हा झाकून ठेवायचं तिला जमेना.

"मी किटलीत खेळले," ती म्हणाली. "तिथली जमीन काँक्रीटवर होती. माझ्या नडग्यांची हाडं तीनदा चिरली. जिने मी चढते, पण उतरताना कठड्याला धरते. मी ते कोणाला सांगायची नाही. मला वाटायचं, माझीच हाडं कच्ची." तिनं पायाखालच्या फळ्यांकडे पाहिलं. "मी मोजलं होतं हो, किती धक्का बसतो ते. आकड्यांत सगळं कळत होतं. तरी मला वाटायचं, मीच कच्ची. या जमिनीवर मी आज पहिल्यांदा उडी मारली, तुम्ही यायच्या आधी, चुकून. काही दुखलं नाही. एवढंच मला खात्रीनं माहीत आहे."

ब्रिन आपल्या बुटांकडे पाहत होती. दूर कुठंतरी बर्फाच्या टाक्याची मोटर गुरगुरली आणि बंद झाली.

"हे... हे प्रांजळपण म्हणजेच एल्डरमन," क्लिंट म्हणाला, पण त्याचं मन त्यात नव्हतं.

"क्लिंट, गप रे," लॉर्ना स्ट्रिकलर म्हणाली. ती सावकाश चालत वर्तुळाशी आली. "मिसेस ब्रॉडनॅक्स, उरलेलं मी सांगते, कारण ते या पोरीलाही ठाऊक नाही. हिचा तो गोळा पाडायचा प्रयोग मी विश्वस्तांपुढे नेला. म्हटलं, जमीन बदला, माझ्या पोरींचे पाय जातायत. ते म्हणाले, आमच्या वेळेलाही तीच जमीन होती. चहा प्यायले आणि उठले. पुढच्या वर्षी मी पुन्हा गेले. पुन्हा चहा. मग मागच्या वर्षी तीन पोरी किटली बघून पळाल्या, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी पायांचं नावच काढलं नाही. म्हटलं, दुसऱ्या कॉलेजांकडे पडदा आहे, धूर आहे, आपल्याकडे काही नाही, पोरी हसतात आपल्याला. बघता बघता सगळे सरसावून बसले!" ती हसली. "पडदा द्या म्हटलं, दिला. धूर दिला. ती अंडी मी मागितलीही नव्हती. आणि मी म्हटलं, एवढं सगळं उभं करताय तर खाली जमीनही घालावीच लागेल. ती कशी घालायची ते माझ्यावर सोडा."

क्लिंटनं तोंड उघडलं. "म्हणजे ते तुम्ही जमिनीसाठी... मी पडद्यासाठी देणगीदारांबरोबर सोळा जेवणं खाल्ली, लॉर्ना!"

"आणि तुझे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. खरंच सांगते. त्या पडद्याच्या पोटातच तर जमीन आली."

कॉरिननं कोचकडे पाहिलं. चार वर्षं तिला वाटलं होतं की कोणाला दिसत नाही. बर्फाची बादली ती सगळे गेल्यावर भरायची. पण आता तिला आठवलं, दुसऱ्या वर्षाच्या थंडीपासून बादलीत बर्फ आधीच असायचा, आणि तिनं कधी विचारही केला नव्हता की तो कोण टाकतं. संत्र्याची सालं कधीमधी शेजारी पडलेली असायची. किटलीचा आवाज आणि किटलीची जमीन, त्या कधी एकत्र न बसणाऱ्या दोन गोष्टी तिच्या आत पहिल्यांदाच समोरासमोर बसल्या, आणि भांडल्या नाहीत. हाबेगरांच्या घरात अशा वेळी गोड 'पाय'चा तुकडा सरकवायचा असतो. इथं सरकवायला काहीच नव्हतं.

"थँक यू, कोच."

"मला कशाला? त्या पडद्याला म्हण," लॉर्ना म्हणाली, आणि उरलेल्या संत्र्याची एक फोड तिच्या हातात ठेवली.

योलांडानं एव्हाना एक पाय वर करून बुटाची नाडी सोडायला घेतली होती. "आई, काय करतेस?" नायमा कळवळली. "इथं नको ना!" पण योलांडानं दोन्ही बूट काढले, मोज्यांनिशी कोर्टवर गेली, टाचांवर उभी राहिली, बोटांवर उभी राहिली, आणि मग हात पसरून, आपल्या सगळ्या वजनासकट, एक उडी मारली. जमिनीनं तिला झेललं. ती डोळे मिटून थोडा वेळ तशीच राहिली. "या साहेबांना म्हणावं," ती म्हणाली, "आमच्या गल्लीलाही ही घाला."

सगळे हसले, क्लिंटही. मग त्यानं टॅबलेटवर नाव नीट दोनदा तपासलं, आईला वाचून दाखवलं, आणि पुन्हा अंधार झाला. ढोल, धूर. "आणि आता... ओहायोच्या टोलेडोची..." कॉरिन अंधारात संघाच्या रांगेत उभी होती. हात वर करावा असं तिला का वाटलं ते तिला सांगता आलं नसतं. अंधारात तो कोणाला दिसलाही नसता. म्हणून तिनं पाय आपटला. नव्या घरात लाकडी बाकं नव्हती. खुर्च्यांची आसनं मऊ होती, खाली गालिचा. पण ब्रिननं ऐकलं, आणि तिनं आपटला. मग पुढचीनं. कोर्टवरच. काँक्रीटवरचं लाकूड मुकं असतं. हे मुकं नव्हतं. खाली हवा होती, आणि ढोलाच्या कातड्याखाली असते तशी ती घुमू लागली. आवाज किटलीइतका मोठा नव्हता, पण तो पायांतून येत होता. तिच्या तळव्यांना लांबच्या टोकाची मुलगी कळत होती. आणि मग त्या घुमण्यातून एक वेगळी, हलकी, जलद चाल तिच्या नडग्यांत उमटली, जवळ येत गेली. नायमा प्रकाशात दिसायच्या आधी कॉरिनला ती जमिनीतून येताना कळली. ती समोरून गेली, तळहात आपटला, आणि वर्तुळात जाऊन उडी मारली तेव्हा तिचं खाली येणं कॉरिनच्या हाडांना लागलं, आणि लागलं तरी दुखलं नाही.

निघताना नायमा लॉकरांच्या खोलीत गेली आणि बराच वेळ आली नाही. योलांडा गाडीची किल्ली खुळखुळवत होती. शेवटी नायमा आली ती सपाता घालून, हात खिशात.

"बूट कुठायत?" योलांडानं विचारलं.

"आत ठेवले."

"आत म्हणजे कुठं?"

"लॉकरात. माझ्या." मग तिनं कॉरिनकडे पाहिलं, जरा चोरट्यासारखं, खांदे पुढं काढून. "म्हणजे, ठेवले तर चालतील ना? परत न्यायचा कंटाळा आलाय. पुढच्या वर्षी लागतीलच इथं."

क्लिंटच्या घशातून एक आवाज निघाला. लॉर्नानं त्याच्या कोपराला धरलं. कॉरिननं फक्त मान डोलावली, आणि मग ते पुरेसं वाटलं नाही म्हणून म्हणाली, "दुखलं तर सांगायचं. त्याच दिवशी. मला."

"तिच्या तीन हाकांतली एक तू मारत जा," योलांडा म्हणाली आणि तिला छातीशी धरलं. टपालाच्या पिशवीच्या पट्ट्यानं घट्टे पडलेला खांदा कॉरिनच्या हनुवटीला लागला.

त्यांची गाडी गेल्यावर कॉरिन आवारात उतरायला निघाली. बाहेरचा जिना काँक्रीटचा होता. दुसऱ्या पायरीवर कळ आली, ओळखीची, नेमकी, त्या बारीक फटीनंतर. तिनं सवयीनं कठड्याला हात घातला, आणि थांबली. समोर किटलीच्या काचांवर संध्याकाळचं ऊन होतं. तिनं नडगी चोळली नाही. मुठीत राहिलेली संत्र्याची फोड तोंडात टाकली, ती जरा कोमट झाली होती, आणि काँक्रीटकडे पाहत म्हणाली, "बरं, तू आहेस तर." मग ती खाली उतरली, दात न आवळता, जितका लागेल तितका वेळ घेत.